दोन किलोमीटरचा नेम आणि मागचा टेकू

रायफलचा पुढचा टेकू आणि खांद्याला लागणारा दस्ता यांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर असते. यातले एक टोक ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतके सरकले, तर २००० मीटरवर नेम ३३ सेंटिमीटर चुकतो. साधे समरूप त्रिकोणांचे गणित. म्हणून १५०० मीटरच्या पुढच्या नेमबाजीसाठी ट्रायपॉड घेताना ‘किती किलो पेलतो’ हे विचारून फारसे कळत नाही. तो किती वाकतो, आणि थरथर किती लवकर विरते, हे बघायचे.

वाकणे पायाच्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. पाय २० टक्के आखूड केला की तेवढ्याच जोराने होणारे वाकणे जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे पायातल्या वरच्या जाड नळ्या आधी बाहेर ओढाव्यात, सगळ्यात खालची बारीक नळी शक्यतो बंदच ठेवावी. मधला दांडा वर काढलात, की तीन पाय असूनही सगळा भार एकाच काठीवर आला.

पाय कसे रोवायचे यावर नेमबाजांत वाद आहेत. भूमिती मात्र स्पष्ट आहे: ट्रायपॉड पायाच्या दिशेने सहज कलंडत नाही, दोन पायांच्या मधल्या बाजूला कलंडतो, कारण तिकडची कड मध्यापासून निम्म्याच अंतरावर असते. अंग पुढे रेलून बसायचे असेल तर एक पाय लक्ष्याकडे ठेवावा; मागे येणारा धक्का शरीर घेते. मऊ मातीत टोकदार खिळे, फरशीवर रबर. वजनाची पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबती पिशवी वाऱ्यात लंबकासारखी झुलते.

पण खरी अडचण मागे असते. रायफल तोलबिंदूवर क्लॅम्पमध्ये घट्ट बसली, तरी दस्ता मोकळाच राहतो, सी-सॉच्या टोकासारखा. त्याला वाळूची पिशवी किंवा दुसरा ट्रायपॉड असा आधार हवाच. रायफलच्या नळीला मात्र कशाचाही स्पर्श नको.

गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकू लागते. रायफल १० किलोची, गोळी २० ग्रॅमची, नळी ७० सेंटिमीटरची धरली, तर दारूच्या वायूंचा वाटा सोडूनही हे सरकणे १.४ मिलिमीटर भरते. ते सरळ मागे व्हायला हवे. खांदा तिरका असेल किंवा दर वेळी दाब वेगळा पडत असेल, तर गोळ्या विखुरणारच. नेम धरून डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, हललेला दिसला तर हाताने ओढून आणू नका. बूड आणि ट्रायपॉड सरकवा.

तिरकेपणाही महागात पडतो. लक्ष्यापर्यंत जाताना गोळी ५० मीटर खाली येत असेल, तर रायफल एका अंशाने कलली तरी मार ८७ सेंटिमीटर बाजूला जातो. ट्रायपॉडचे डोके समतल करा आणि स्कोपवरचा पाणसळीचा बुडबुडा प्रत्येक गोळीआधी बघा.

गोळ्या उभ्या रेषेत पसरू लागल्या की दारूगोळ्याला दोष देण्याआधी पायांचे लॉक तपासावेत. नळ्यांच्या सांध्यावर मार्करने रेघ ओढा. पाच गोळ्यांनंतर ती लॉकच्या आत गेली असेल, तर पाय धक्क्यागणिक खाली घसरतो आहे. रेघ जागच्या जागी असेल, तर बॉल हेड, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरचा फिरता गोल सांधा, ढिले आहे का ते बघा.