केरळी परिचारिकांचे स्थलांतर

केरळमधील प्रशिक्षित परिचारिकांनी नोकरीसाठी भारतातील मोठी शहरे, आखाती देश, युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे केलेले व किमान तीन पिढ्या चालू असलेले स्थलांतर. प्रारंभापासून त्यात मध्य त्रावणकोर, म्हणजे आजच्या कोट्टयम व पत्तनंतिट्टा जिल्ह्यांचा परिसर आणि तेथील सीरियन ख्रिस्ती, म्हणजे सिरियाक उपासनापरंपरेतला जुना केरळी ख्रिस्ती समाज आघाडीवर राहिला. इतर समाजांतील मुली मागाहून आल्या; पुरुष परिचारकांची संख्या त्याहून उशिरा वाढली. भारतातील बहुतेक श्रमिक स्थलांतरांत पुरुष आधी जातो आणि कुटुंब मागून. येथे व्हिसा बाईच्या नावावर निघतो व नवरा आश्रित म्हणून जातो. या स्थलांतराचे वेगळेपण आणि त्यातले बरेचसे ताण या एका गोष्टीतून आले आहेत.

उगम : याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सर्वांत प्रचलित मत मिशनरी कार्याला श्रेय देते. १९०६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या होली क्रॉस संघाच्या धर्मभगिनी (नन) त्रावणकोर संस्थानात रुग्णसेवेसाठी आल्या. तमिळनाडूतील वेल्लोर येथे अमेरिकन मिशनरी डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा काढली. १९४६ मध्ये भारतातील पहिले परिचर्या पदवी-अभ्यासक्रम वेल्लोर व दिल्ली येथे सुरू झाले. वेल्लोरला शिकायला केरळी मुली मोठ्या संख्येने जात. या मतानुसार आजारी माणसाची शुश्रूषा हे ख्रिस्ती सेवाव्रत, म्हणून ख्रिस्ती मुलींना घरातून विरोध कमी झाला.

दुसरे मत दुसऱ्या महायुद्धाकडे बोट दाखवते. त्रावणकोरची तांदळाची गरज मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशातून भागत असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर ती आवक थांबली आणि संस्थानात तीव्र अन्नटंचाई झाली. त्याच काळात लष्करी रुग्णालयांसाठी साहाय्यक परिचर्या सेवेत भरती सुरू होती. राहणे, जेवण, गणवेश आणि वर हातात पगार, ही सोय त्या दिवसांत छोटी नव्हती.

मिशनचे स्पष्टीकरण एकट्याने पुरत नाही, हे महाराष्ट्राकडे पाहिले की विशेष जाणवते. मुंबईत बाई काशीबाई गणपत या १८९१ च्या सुमारास प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाची परिचर्या शाळा १८९७ पासूनची, म्हणजे वेल्लोरच्या आधीची. अहमदनगर भागात तर अमेरिकन मराठी मिशनचे काम त्याहूनही कितीतरी जुने. या संस्थांतून मराठी ख्रिस्ती परिचारिकांच्या पिढ्या तयार झाल्या व त्यांनी महाराष्ट्राची रुग्णालये उभी केली. पण दूरदेशी जाण्याची अशी लाट येथून उठली नाही. तेव्हा त्रावणकोरातील वेगळी परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. तेथे मुलींचे शालेय शिक्षण लवकर पसरले होते, वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते, आणि हुंड्याचा भार जड होता. परिचर्येच्या शाळेत फी तर नसेच, उलट विद्यावेतन मिळे. शिकलेली, पण घरी पैसा नसलेली मुलगी हा येथला खरा दुवा दिसतो. मिशनने दार उघडले. त्यातून एवढ्या मुली बाहेर पडल्या त्या प्रामुख्याने शिक्षण आणि गरज या दोहोंच्या रेट्याने, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मागणीची बाजूही विसरता येत नाही. सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य-पाहणी समितीने १९४६ मध्ये अविभाजित भारतात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले. परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र उचलणे आणि रात्रपाळी या तीन कारणांनी उच्चवर्णीय घरांतून मुली येत नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर दिल्ली-मुंबईची सरकारी रुग्णालये, रेल्वे, लष्कर आणि पोलाद कारखान्यांच्या वसाहती यांना माणसे हवी होती. ती केरळने पुरवली.

विस्तार : १९६० च्या दशकात कॅथलिक धर्मगुरूंच्या मध्यस्थीने केरळी मुली पश्चिम जर्मनीत गेल्या. अनेकींचे प्रशिक्षण तेथेच झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही प्रांतांनी कामाचे परवाने वाढवून दिले नाहीत. त्यामुळे बऱ्याच जणींना परतावे लागले किंवा अमेरिकेची वाट धरावी लागली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केला होता व परिचारिकांना तेथे मागणी होती. १९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखाती देशांनी रुग्णालये बांधली आणि तेव्हापासून आजवर आखात हाच सर्वांत रुंद मार्ग राहिला आहे. इंग्लंड व आयर्लंड २००० च्या आगेमागे खुले झाले. ब्रिटनच्या परिचर्या नोंदवहीत अलीकडच्या वर्षांत बाहेरून दाखल होणाऱ्यांत भारतात शिकलेल्यांची संख्या सर्वाधिक असते.

टप्पे : स्थलांतर क्वचितच एका उडीत होते. केरळात किंवा कर्नाटकातील खासगी महाविद्यालयात, बहुधा बँकेच्या कर्जावर, शिक्षण, मग मुंबई, दिल्ली अशा शहरात दोन-तीन वर्षे, मग आखात, आणि शेवटी पाश्चात्त्य देश, असा सर्वसाधारण क्रम आहे. आखातात नागरिकत्व मिळत नाही, म्हणून तेथे कोणी कायमचे राहण्याच्या हिशेबाने जात नाही. शहरातली वर्षे मुख्यतः अनुभवाच्या दाखल्यासाठी असतात, कारण त्याविना परदेशात पुष्कळ ठिकाणी अर्ज करता येत नाही. खासगी रुग्णालयांना हे ठाऊक असते. त्यातून ‘बाँड’ची पद्धत रुजली : ठरलेली मुदत संपेपर्यंत मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाच्या कपाटात, पगार तुटपुंजा, आणि मधेच सोडायचे तर मोठी रक्कम भरायची.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईच्या एका खासगी रुग्णालयातील तरुण केरळी परिचारिकेने आत्महत्या केली आणि तेथील सहकारी काम थांबवून बाहेर आल्या. दिल्ली व केरळातही संप झाले. त्याच वर्षी त्रिचूरला युनायटेड नर्सेस असोसिएशन ही संघटना उभी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने लहानातल्या लहान रुग्णालयासाठीही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेल्याने ती सर्वत्र सारखी झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. परदेशी जाण्याची निकड ज्या कारणांनी तयार होते, त्यांतले पहिले कारण या पगारपत्रकातच आहे.

दलाली व नियमन : १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली भरती-एजंटांना नोंदणी व शुल्कमर्यादा आहे. प्रत्यक्षात २०१५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने कोचीत नोंदवलेल्या एका प्रकरणात कुवेतच्या नोकरीसाठी १९,५०० रुपयांच्या ठिकाणी प्रत्येकीकडून सुमारे साडेएकोणीस लाख रुपये घेतल्याचा आरोप होता. त्या वर्षीच्या एप्रिलअखेरपासून आखातासह १८ देशांतील परिचारिकांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन आले. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यांतील पहिल्या. युद्धकाळात हे नियमन किती गरजेचे, ते २०१४ मध्ये दिसले. इराकमधील तिक्रित येथे अडकलेल्या ४६ परिचारिकांना दहशतवाद्यांनी मोसुलला नेले होते. ५ जुलै २०१४ रोजी विशेष विमानाने त्या कोचीला सुखरूप पोहोचल्या. कर्ज फिटलेले नसल्याने परत यायला मन धजत नव्हते, असे त्यांतील काहींनी सांगितले होते.

कामाचे स्वरूप : देश बदलला की कामाचा पोतही बदलतो. भारतीय वॉर्डात रुग्णाला पुसणे, भरवणे, बेडपॅन देणे हे बहुतांशी नातेवाईक, मावशी आणि वॉर्डबॉय करतात. सिस्टरच्या वाट्याला औषधे, सलाईन, इंजेक्शने व नोंदी येतात. जर्मनीत आंघोळ घालण्यापासूनची सगळी शुश्रूषा परिचारिकेकडे असते आणि शिरेत सुई घालण्यासारखी कामे पुष्कळदा डॉक्टर करतो. अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेल्या बाईला मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून राबावे लागते. ही कौशल्याची नासाडी आहे आणि ती दोन्ही देशांना परवडणारी नाही.

कामाच्या बदलत्या रीतीचा चांगला नमुना म्हणजे ब्रिटनमधील नोंदणीची प्रात्यक्षिक परीक्षा. गोळी देण्याआधी उमेदवाराने रुग्णाला पूर्ण नाव व जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची, कशाची ॲलर्जी आहे का ते विचारायचे, औषधाची मुदत पाहायची आणि हे सारे परीक्षकाला कळेल असे मोठ्याने बोलत करायचे. मनात पडताळून पुढे जाण्याची सवय जडलेल्या अनुभवी परिचारिका येथे अडतात. चूक हातून झालेली नसते, पण बोलणे राहून गेलेले असते. आखातासाठी संगणकीय परवाना-परीक्षा आणि कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना-परीक्षा, तर जर्मनीसाठी भाषेची बी१ व बी२ पातळी लागते.

कौटुंबिक जीवन : पहिल्या पिढीला गावात मान नव्हता. रात्री बाहेर काम करणारी म्हणून लग्न जुळणे कठीण जाई. परदेशी पगार सुरू झाल्यावर हेच स्थळ मागणीचे झाले आणि परिचारिकेची नोकरी हुंड्याच्या बरोबरीने मोजली जाऊ लागली. पगारातून धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणींची लग्ने व गावचे घर होते. परदेशी गेलेल्या नवऱ्याला त्याच्या शिक्षणाजोगे काम अनेकदा मिळत नाही. अमेरिकेतील केरळी चर्चमध्ये अशा पुरुषांनी पदे व समित्या यांतून प्रतिष्ठा शोधल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आखातात कुटुंब आणण्यासाठी पगाराची अट असते. ती न भरणारी आई बाळंतपणाला गावी येते आणि रजा संपली की मूल आजीकडे ठेवून परतते. वसतिगृहात वरिष्ठ परिचारिकेला ‘चेच्ची’ म्हणजे ताई म्हणतात. नवीन मुलीला पहिला स्वयंपाक, पहिली पैसे पाठवणी आणि वॉर्डात बोलायची भाषा याच चेच्चीकडून मिळते. मुंबईत अशाच रीतीने हिंदी व कामापुरती मराठी शिकलेल्या केरळी सिस्टर दिसतात. मध्य त्रावणकोरात मात्र मोठ्या घरांत वृद्ध आईवडील एकटे राहतात आणि त्यांच्या देखभालीला पगारी ‘होम नर्स’ ठेवावी लागते.

अलीकडील घडामोडी : डिसेंबर २०२१ मध्ये नोर्का रूट्सने जर्मन सरकारी यंत्रणांशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमाचा करार केला. त्यात भाषाशिक्षण व भरती यांचा खर्च उमेदवारावर पडत नाही. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात १०,००० जणांचे प्राथमिक उद्दिष्ट असून परिचारिकांचा समावेश आहे आणि जर्मन भाषेच्या वर्गांचा खर्च शासनाने उचलला आहे.