दूरध्वनीवरील ओळख पडताळणी

ग्राहक सेवेच्या कॉलवर बोलणारी व्यक्ती त्या खात्याची, जोडणीची किंवा पॉलिसीची खरी धनी आहे ना, याची खात्री करून घेण्याची रीत. बँका, विमा, मोबाइल आणि वीज कंपन्या ती रोज वापरतात. यात ओळख सांगणे आणि ओळख पटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नाव, मोबाइल नंबर, ग्राहक क्रमांक यांनी ओळख फक्त सांगितली जाते. दाराच्या जाळीत खोचलेल्या वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक जिना चढणाऱ्या कोणालाही वाचता येतो. त्याने काहीच पटत नाही.

जुन्या बडोद्यात हा प्रश्न चेहऱ्याने सुटे. शाहजोग हुंडीचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या एका प्रकारच्या चिठ्ठीचे, पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती पडत, कारण तो कोण आणि कुठे सापडेल हे पेढीवाल्याला ठाऊक असे. १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापली. बँकेच्या व्यवहारात चेहऱ्याच्या जोडीला सहीचा नमुना असतो. फोनने चेहरा आणि सही दोन्ही काढून घेतले. उरला आवाज, आणि आता त्याचीही हुबेहूब नक्कल संगणकावर करता येते.

मग प्रश्न विचारण्याची पद्धत आली: जन्मतारीख, जन्मगाव, आईचे माहेरचे आडनाव. मराठी घरात ही उत्तरे गुपित असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. लग्नासाठी केलेल्या बायोडाटात जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ आणि मामेकूळ ओळीने लिहिलेले असते, आणि तो कागद वधू-वर मंडळापासून मावशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतो. ज्या गोष्टी आपण स्वतःच वाटत सुटतो त्या कुलूप म्हणून चालत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशा प्रश्नोत्तरांना ओळख पटवण्याचे साधन म्हणून जागाच ठेवली नाही.

बरी पद्धत अशी. ग्राहकाने नोंदवलेल्या मोबाइलवरून स्वतः फोन लावायचा आणि टीपिन, म्हणजे फोनसाठीचा वेगळा गुप्त क्रमांक, बोलून न सांगता बटणे दाबून द्यायचा. तो यंत्र तपासते. प्रतिनिधीला फक्त ‘जुळले’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते आणि कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आकडे बोललेले सापडत नाहीत. मागणी जितकी जोखमीची, तितकी तपासणी कडक: शाखेची वेळ विचारणाऱ्याला काहीच विचारू नये, पण नोंदवलेला मोबाइल नंबर बदलायचा असेल तर फोनवरच्या उत्तरांवर भागवू नये. तो नंबर बदलला की पुढचे सगळे ओटीपी नव्या हातात जातात.

प्रतिनिधीने माहिती विचारायची असते, पुरवायची नसते. “पत्ता दांडिया बाजारातलाच ना?” असा प्रश्न म्हणजे उत्तर ताटात वाढणे. अनेक प्रश्नांपैकी कोणते उत्तर चुकले हेही सांगू नये; नाहीतर भामटा पुढच्या कॉलला तेवढेच दुरुस्त करून येतो.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा म्हणजे फोन कोणी लावला. ज्याने लावला त्याने आधी स्वतःची ओळख पटवायची. कंपनीकडून कॉल आला तर ग्राहकाकडे जन्मतारीख मागणे मुळातच उलटे आहे, तरी खऱ्या कंपन्याही ते करतात आणि लोकांना वाईट सवय लावतात. पडद्यावर दिसणारा नंबरही बनावट असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सेवा व व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आणि जाहिरातीसाठी १४० ची मालिका वापरण्यास सांगितले. शंका आली तर फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपणच फोन लावावा.

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या अडचणी थोड्या निराळ्या. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले. जुन्या कागदावर ‘बरोडा’, नव्यावर ‘वडोदरा’, आणि घरात विचाराल तर बडोदे. यातले कोणते जन्मगाव प्रतिनिधीच्या पडद्यावर आहे ते आजोबांना कसे कळणार? लग्नात नाव बदललेल्या बाईची शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची नावे वेगळी असतात. ‘पूर्ण नाव?’ या प्रश्नावर ती क्षणभर अडते, आणि ते अडणेच संशयास्पद वाटते. कॉल गुजरातीत सुरू होतो, हिंदीत वळतो, आकडे मात्र मराठीत निघतात. ‘सात’ आणि ‘साठ’ची गल्लत व्हायला खराब लाइन पुरते, म्हणून आकडे एकेक सुटे सांगावेत.

पुण्यातला मुलगा आईच्या खात्यासाठी स्वतः फोन करतो, हेही नेहमीचेच. त्याला सगळी उत्तरे येतात, तरी खातेदार तो नाही. आईने त्याच कॉलवर येऊन बोलावे, किंवा बँकेत रीतसर अधिकारपत्र द्यावे. आईच्या नावाने बोलणे, कितीही सोयीचे वाटले तरी, तोतयेगिरीच ठरते.

फसवणूक झालीच तर तोटा कोणाचा, हे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशी असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार देशभरात १९३० या क्रमांकावर नोंदवता येते.