मनाचा आजार मोजता येत नाही, म्हणून विमा नाही?

वर्षानुवर्षे फिरणारा एक मेसेज असा: "मानसिक आजार कुठल्याच तपासणीत दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना विम्याचं संरक्षण देताच येत नाही."

असं वाटणं स्वाभाविक आहे. रक्ताचा रिपोर्ट नाही, एक्स-रे नाही, मग क्लेम कशाच्या आधारावर?

पण अर्धशिशीचंही तसंच आहे. तिचं निदान डॉक्टर मुख्यतः लक्षणं विचारूनच करतात आणि त्यावरून कोणी तिला खोटं ठरवत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मानसिक विकारांना 1948 पासून स्वतंत्र विभाग आहे. दहाव्या आवृत्तीत अर्धशिशीचा कोड जी-43, तर नैराश्याच्या झटक्याचा एफ-32. नैराश्याची तीव्रता मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली वापरतात, गुण 0 ते 27. निदान अर्थातच डॉक्टरांचं, पण 'मोजताच येत नाही' हे काही खरं नाही.

खरी गोम पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. स्वतःची पॉलिसी काढा. आधी 'अपवाद', म्हणजे कशाला संरक्षण नाही ते वाचा, मग प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर किती काळाने संरक्षण सुरू होतं) आणि रकमेची मर्यादा. हेच आकडे शारीरिक आजारांसाठी किती आहेत, ते शेजारी लिहा. बाह्यरुग्ण सल्ल्याचा खर्च मिळतो का, हेही बघा. मानसोपचार बहुतांशी दाखल न होताच चालतात, म्हणून फक्त भरती झाल्यावरचं संरक्षण कागदावर समान दिसतं, पण प्रत्यक्षात तोकडं पडतं. फरक आढळला तर त्याचं कारण कंपनीला लेखी विचारा. फोनवरचं उत्तर नंतर हाती राहत नाही.