वारा नाही, मग पाणी का चढलं?

मे महिन्यातली दुपार. गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर आभाळ निरभ्र, माडाचं झावळंही हलत नाही. तरी समुद्राचं पाणी वाळू ओलांडून थेट शॅकच्या खुर्च्यांखाली शिरतं. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, होड्या वर ओढायला धावतात. तासाभरात फोनवर संदेश फिरायला लागतात की सुनामी आली, समुद्र कोपला. दोन्ही खोटं. लाटा खऱ्या असतात, फक्त त्या आपल्या समुद्रात जन्मलेल्याच नसतात.

केरळचे मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हा चोर निघतो दक्षिण गोलार्धात, चाळीस अंश अक्षांशाच्याही खालून. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाहीच. वादळ दोन-तीन दिवसांत विरतं, पण त्याने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत राहतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एक शिखर गेल्यावर दुसरं यायला लागणारा वेळ म्हणजे लाटेचा आवर्तकाल. खोल पाण्यात तो जितका मोठा, तितकी लाट वेगवान. १८ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे ५० किलोमीटर सरकते, १२ सेकंदांच्या लाटांची ३४. वादळातून सगळ्या एकत्र निघाल्या, तरी वाटेत त्या आपोआप निवडल्या जातात. वादळ ७००० किलोमीटर दूर असेल, तर लांब लाटा सहाव्या दिवशी गोव्याला टेकतात आणि आखूड लाटा साडेआठ दिवसांनी. म्हणून किनाऱ्याजवळच्या लाटमापकावर आवर्तकाल हळूहळू उतरताना दिसतो. आवर्तकालाऐवजी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती लाटा, घेऊन ती वेळेसमोर मांडली, की चक्क सरळ रेषा मिळते. रेषा जितकी सपाट, तितकं वादळ दूर. ती मागे वाढवली, की जिथे शून्याला भिडते तो वादळाचा क्षण! १९६३ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत केंद्रांची माळ लावून अशाच लाटांचा पॅसिफिकभर माग काढला. एका जागी बसून ते जमलं नसतं.

१८ सेकंदांच्या लाटेची लांबी जवळपास अर्धा किलोमीटर असते. मीटरभर उंची एवढ्या लांबीवर पसरलेली, म्हणून खोल समुद्रातल्या ट्रॉलरला ती जाणवतही नाही. उथळ पाण्यात मात्र तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर दाटतं आणि उंची वाढते. त्यात उधाणाची भरती असली की पाणी आणखी आत येतं. अमावस्या-पौर्णिमेचा हात असलाच तर एवढाच. ग्रहांच्या युतीचा काडीचाही संबंध नाही. नारळी पौर्णिमेचा नारळ मीही श्रद्धेने वाहतो, पण होडी वाचवायला आगाऊ सूचना लागते.

ती सूचना एकट्या गोव्याला देता येणार नाही. आपल्या किनाऱ्याजवळचा बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लाटमापक, लाट पोचल्यावरच बोलतो. त्याआधीची बातमी दक्षिण महासागरावरून जाणाऱ्या उपग्रहांकडे असते. ते पृष्ठभागाच्या खडबडीतपणावरून वारा ओळखतात. आपल्या ओशनसॅट मालिकेतले उपग्रहही हे काम करतात. मग हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र संगणकावर लाटांचा प्रवास मांडतं, आणि बॉयच्या मोजणीवरून तो अंदाज कितपत बरोबर आला हे तपासता येतं. यातला एक दुवा तुटला की बाकीचे लंगडे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली सुरू झाली, तीसुद्धा अनेक देशांनी मिळून केलेल्या हिंदी महासागर मोहिमेनंतर. त्यामुळे हा सहकार आपल्याला नवा नाही.

कच्चे दुवे किनाऱ्याकडेच आहेत. समुद्रातल्या बॉयला होड्या बांधल्या जातात, जाळी अडकतात, कधी भाग चोरीला जातात, आणि बॉय गप्प झाला की तिथली नोंद थांबते. दुसरं, इंग्रजीतला इशारा केरीच्या रापणकाराला उपयोगाचा नाही. तो कोंकणी-मराठीत, होडी किती वर ओढायची या भाषेत पोचायला हवा. उपग्रहावर जेवढी मेहनत घेतली जाते, तेवढीच इथेही घ्यायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

मेमध्ये किनाऱ्यावर गेलात तर घड्याळ लावून मोजा. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याच्या लाटा चार-सहा सेकंदांनी येतात. मधूनच सोळा-अठरा सेकंदांच्या अंतराने एकेक लांब, गुळगुळीत लाट येताना दिसली, तर शेजारच्या होडीवाल्याला हाक मारा.