ओकच्या तुळईत मुरलेला पाऊस

जुन्या घराच्या, मूर्तीच्या किंवा नाण्याच्या वयाची गोष्ट निघाली की "कार्बन डेटिंग केलं असेल" हे हमखास ऐकू येतं. सोन्याचांदीच्या नाण्याला आणि दगडी मूर्तीला ती पद्धत लावताच येत नाही. लाकडाला लावली, तरी बहुतेकदा काही दशकांचा पट्टा हाती लागतो. वेल्समधल्या एका शेतघराचं वय मात्र नेमक्या सालापर्यंत कळलं, आणि ते सांगितलं पावसाने.

घराचं नाव ल्लुइन केलिन, म्हणजे हॉलीच्या झाडांची राई. मॉनमथशरमध्ये, ब्लॅक माउंटन्स डोंगररांगेत, लँथनीच्या खोऱ्याच्या तोंडाशी ते उभं आहे. जमीन मूळची जवळच्या लँथनी मठाची. भिंती दगडी, छपराचा सांगाडा ओकचा. मधली मोठी खोली आधी थेट आढ्यापर्यंत उघडी होती. जमिनीवर मधोमध आगटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या खोलीवर माळा पडला, धुराडं आलं. पुढे घर इतकं खचलं की कित्येक वर्षं परांचीच्या आधारावर तगून होतं. जुन्या इमारती वाचवणाऱ्या लँडमार्क ट्रस्टने त्याची दुरुस्ती केली आणि 2018 साली ते मुक्कामासाठी खुलं झालं.

बांधलं कधी, हे दगड सांगत नाही. लाकूड सांगतं. झाड दरवर्षी एक वलय वाढवतं, हे आपण शाळेत शिकलो. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. तुळईतून पेन्सिलीएवढी नळी कोरून काढायची, वलयांच्या रुंदीचा क्रम मोजायचा आणि साल माहीत असलेल्या क्रमाशी जुळवायचा. पण वेल्सच्या ओल्या खोऱ्यांत ओकला पाण्याची ददात क्वचितच असते. तिथे वलयाची रुंदी शेजारच्या झाडाची सावली आणि माणसाने केलेली फांदीतोड यांवरच जास्त ठरते. प्रत्येक झाडाचा क्रम निराळा, त्यामुळे जुळणी होत नाही. या घराच्या लाकडाची तीच अडचण होती.

ती सोडवली स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी. रुंदी बाजूला ठेवून त्यांनी वलयातला ऑक्सिजन तपासला. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंत एक जड असतो: ऑक्सिजन-18. पावसात त्याचं प्रमाण वर्षागणिक थोडं बदलतं. हे पाणी मुळांतून पानात येतं. तिथे हलक्या रेणूंची वाफ लवकर होते आणि जड रेणू मागे साचत जातात. कोरड्या, उन्हाच्या उन्हाळ्यात जास्त. ढगाळ, भिजक्या उन्हाळ्यात कमी. त्याच पाण्यातला ऑक्सिजन साखरेत जातो, साखरेतून सेल्युलोजमध्ये, म्हणजे लाकडाच्या मुख्य घटकात, आणि सेल्युलोज वलयात कायमचं बसतं. फांद्या तोडल्या म्हणून पाऊस बदलत नाही, त्यामुळे शेकडो किलोमीटरवरच्या ओकांतही चढउताराचा क्रम जवळपास सारखाच सापडतो.

काम मात्र फार नाजूक. ओक वसंतात जे लाकूड घडवतो त्यात आदल्या वर्षीचा साठा मिसळलेला असतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धारदार पात्याने प्रत्येक वलयाचा फक्त उन्हाळी भाग सोलून काढतात. त्यातून शुद्ध सेल्युलोज वेगळं करतात, प्रचंड तापमानाला कार्बनच्या सान्निध्यात त्याचा कार्बन मोनॉक्साइड करतात आणि वस्तुमान वर्णपटमापीत जड-हलक्याचं गुणोत्तर मोजतात. येणारा आकडा जगभर मान्य असलेल्या सागरी पाण्याच्या प्रमाणाशी ताडलेला, दर हजारी भागांत असतो. असे साठ-सत्तर आकडे ओळीने मिळाले की ते मध्य इंग्लंडमधल्या ओकांच्या, 1200 ते 2000 या वर्षांच्या सलग मालिकेवर एकेक वर्ष सरकवत न्यायचे. योग्य जागी ते असे बसतात की योगायोगाची शक्यता नगण्य उरते.

सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड पडल्याचं साल नेमकं कळतं. बाहेरचं कोवळं लाकूड तासलं गेलं असेल, तर वेल्समध्ये 11 ते 41 वलयं गेली असं धरतात. सुतार ओक ओलाच कापायचे, कारण वाळल्यावर तो लोखंडासारखा कडक होतो. म्हणून झाड पडल्याचं आणि घर उभं राहिल्याचं साल सहसा लागूनच असतं.

ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक जुन्या तुळईबद्दल "ही मोडक्या जहाजाची" असं सांगायची पद्धत आहे. रिकामी भोकं दिसली की लोकांना जहाज आठवतं. खरं तर बहुतेकदा तिथे पूर्वी दुसरा वासा किंवा फळी बसवलेली होती, एवढंच. जुन्या घरांबद्दल अशा समजुती आणखीही आहेत. वेल्समध्ये कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात हलवलेल्या, 1610 च्या केनिक्स्टन शेतघराच्या भिंती लाल आहेत. तो रंग दुष्ट शक्तींना दूर ठेवतो अशी समजूत होती. तिची नोंद जरूर ठेवावी, पण रंगाने कुणाचं रक्षण होत नाही, हेही तिथल्या तिथे सांगायला हवं.

आपल्याकडच्या सागालाही वार्षिक वलयं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागातून जुने पावसाळे वाचले आहेत.

ल्लुइन केलिनचं साल निघालं 1420. वेल्श सरदार ओवाइन ग्लिनडूरचं इंग्रजांविरुद्धचं बंड 1400 साली पेटलं आणि सुमारे पंधरा वर्षं चाललं; त्यात हा सीमाभाग होरपळून निघाला होता. त्यानंतर काही वर्षांतच इथे कुणीतरी ओक पाडले, आढं चढवलं आणि आतल्या खोल्यांना नागमोडी कमानींची कोरीव दारं बसवली.