शंटिंगचं इंजिन घ्यायच्या आधी एवढं वाचा

"नवं इंजिन सांध्यावर थांबतंय, मोटर गेलीय का बघा." मिरजेतल्या आमच्या मॉडेल रेल्वेच्या दुकानात हे वाक्य सारखं ऐकू येतं. (सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा.) आम्ही इंजिन उघडतो, मोटर बघतो, गिअर बघतो. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. आमचा पाऊण तास जातो, सांगलीहून किंवा तासगावहून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस जातो, आणि घरी नेल्यावर इंजिन पुन्हा त्याच सांध्यावर उभं राहतं. दोष मोटरीत नसतो, इंजिन निवडतानाच चूक झालेली असते. ती पुढच्या वेळी होऊ नये म्हणून हे पत्रक काढलं आहे.

तुमचे रूळ मांडून झालेत, कंट्रोलर आहे, लांब गाडीचं एखादं इंजिन आहे आणि आता यार्डात डबे लावायला-काढायला छोटं इंजिन हवंय, असं धरून लिहितो. आकडे एचओ या मापाचे आहेत, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिलिमीटरचा रूळ, कारण आमचे बहुतेक ग्राहक त्यातलेच.

शंटिंगचं इंजिन म्हटलं की हात आधी चार चाकांच्या चिमुकल्या इंजिनाकडे जातो. दिसायला गोड, किंमत कमी, वळणही अगदी लहान चालतं. पण सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं क्रॉसिंग बघा. स्वस्त सांध्यात तो तुकडा प्लास्टिकचा असतो, त्यात करंट नसतो. इंजिन एका बाजूच्या चाकांतून करंट घेतं आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत देतं. चार चाकांच्या इंजिनाला प्रत्येक बाजूला दोनच चाकं. त्यातलं एक प्लास्टिकवर गेलं की सगळी भिस्त उरलेल्या एकावर. तेवढ्यात त्या एका चाकाखाली धुळीचा कण आला, की इंजिन थांबलंच. शिवाय ताठ चौकटीवरच्या चार चाकांचं शहाबादी फरशीवर ठेवलेल्या खुर्चीसारखं होतं, एखादा पाय नेहमी किंचित उचललेला. रूळ थोडा जरी वरखाली असला तरी चौथं चाक हवेत असतं, आणि हवेतल्या चाकाला करंट कुठून मिळणार?

लांब गाडीचं इंजिन याच सांध्यावरून धडधडत जातं, म्हणून ग्राहकाची खात्री पटते की सांधा चांगला आहे आणि नवं इंजिन खराब. खरं म्हणजे ते इंजिन वेगाच्या जोरावर तो तुकडा ओलांडून जातं. शंटिंगच्या इंजिनाला ती सवलत नाही, त्याला तिथूनच हळूहळू जायचं असतं.

म्हणून आमचा सल्ला नेहमी एकच असतो: खाली चार-चार चाकांच्या दोन वळत्या चौकटी (त्यांना बोगी म्हणतात), म्हणजे आठ चाकं, आणि आठही चाकांतून करंट घेणारं इंजिन घ्या. इंजिन उलटं धरून, कंट्रोलरच्या दोन वायरी एकेका चाकाला लावून आम्ही समोर दाखवतो की कुठल्या चाकातून मोटर फिरते आणि कुठल्यातून नाही. चाकावर रबरी टायर असेल तर त्याची पकड वाढते, डबे दोन-तीन जास्त ओढले जातात, पण त्या चाकातून करंट येत नाही. यार्डात पाच-सहा वाघिणी ढकलायला तशा पकडीची गरज नसते. "किती डबे ओढेल?" हा प्रश्न लांब गाडीच्या इंजिनाला विचारा, शंटिंगच्या इंजिनाला नको.

याला विचारायचा प्रश्न म्हणजे "किती हळू चालतं?" दुकानात आल्यावर अनेक जण कंट्रोलरचं बटण शेवटपर्यंत फिरवतात, इंजिन सुसाट गेलं की खूश होतात. आपल्या रेल्वेच्या नियमांत शंटिंगचा सर्वसाधारण वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. १:८७ मध्ये तो वेग धरला तर इंजिनाला एक मीटर रूळ पार करायला सुमारे २१ सेकंद लागतात. डब्याला जोडायला जाताना माणसाच्या चालीचा वेग, म्हणजे ताशी ५ किलोमीटर धरा. मग त्याच एका मीटरला एक मिनिट. आमच्या टेबलावर एक मीटरवर दोन खुणा केल्या आहेत आणि शेजारी घड्याळ आहे. जे इंजिन न अडखळता त्या मीटरला एक मिनिट लावतं, ते घ्या. आतमध्ये पितळी फ्लायव्हील, म्हणजे मोटरीबरोबर फिरणारं जड चाक, असेल तर हे सहज जमतं, कारण क्षणभर करंट तुटला तरी फिरत्या चाकाचा जोर मोटरीला पुढे नेतो.

खोका आधीच उघडलेला का, असं काही जण थोडं नाराजीनं विचारतात. आमच्याकडचं प्रत्येक इंजिन विकण्याआधी अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवलेलं असतं. त्यात गिअर एकमेकांत बसतात आणि कारखान्यातून काही चूक झाली असेल तर ती तुमच्या घरी न कळता आमच्या टेबलावर कळते. सीलबंद खोका हवा असेल त्यांना तोही देतो, पण सांध्याच्या चाचणीची हमी त्यावर देता येत नाही. बाहेरून मागवलं तर कधी कधी आमच्यापेक्षा स्वस्त पडतं, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या किमतीत हा एक तास धरलेला आहे, आणि पहिल्या वर्षी चाकं साफ करून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.

कुठलं घ्यावं? दुकानात साधारण तीन तऱ्हा असतात. अमेरिकन घडणीचं, एका टोकाला केबिन आणि पुढे लांब बोनेट असलेलं, अल्को कंपनीचं एस-२ किंवा ईएमडी कंपनीचं एसडब्ल्यू-७ आम्ही सगळ्यात जास्त सुचवतो. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-६ या शंटिंगच्या डिझेल इंजिनाच्या पोटातही अल्को घराण्याचंच सहा सिलिंडरचं इंजिन आहे, त्यामुळे आपल्याकडच्या यार्डात ते परकं वाटत नाही. जागा फारच कमी असेल तर जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी. मधोमध केबिन, आठ चाकं, आणि तरी आखूड. (ते ४४ टनीच का, तर अमेरिकेत १९३७ साली ठरलं की ९०,००० पौंडांपेक्षा जड इंजिनावर ड्रायव्हरबरोबर फायरमनही हवा. ४४ टनी इंजिन भरतं ८८,००० पौंड.) तिसरं ब्रिटिश क्लास ०८, सहा चाकांचं. हे ओओमध्ये, म्हणजे १:७६ मध्ये मिळतं. रूळ तोच असला तरी एचओच्या वाघिणींशेजारी ते थोडं थोराड दिसतं. सहा चाकं चारांपेक्षा बरी, पण तुमचे सांधे प्लास्टिकच्या क्रॉसिंगचे असतील तर आधी आमच्या टेबलावर चालवून बघा.

चार चाकांचं घेऊन बसला असाल तर ते टाकून देऊ नका. क्रॉसिंगला करंट देता येईल असे सांधे, उदाहरणार्थ पेकोचे इलेक्ट्रोफ्रॉग, यार्डाच्या तोंडाशी बसवले की तेच इंजिन सुधारतं. दोन-तीन सांधे बदलणं नव्या इंजिनापेक्षा कमी खर्चाचं होतं, आणि हे आम्ही आधी सांगतो.

डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत, आणि डीकोडर म्हणजे इंजिनात बसून तो संदेश वाचणारा भाग. खोक्यावर "डीसीसी रेडी" लिहिलेलं असेल तर आत डीकोडर आहे असं समजू नका. आत फक्त तो बसवायची जागा असते, डीकोडर वेगळा घ्यावा लागतो. किंमत ठरवताना तो धरा. क्षणभर करंट साठवणारा कपॅसिटरही डीकोडरबरोबरच बसतो, डीकोडर नसलेल्या साध्या डीसी इंजिनात नाही.

मिरजेची जुनी माणसं हमखास विचारतात, बार्शी लाइट रेल्वेसारखं नॅरोगेज यार्ड करता येईल का? इथे एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही जवळचा आहे. येईल. बार्शी लाइटचं अडीच फुटी गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे एन गेज या एचओपेक्षा लहान मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ चालतो. पण तिथली इंजिनं बहुधा चार-सहा चाकांचीच असतात, तेव्हा सांध्याचा विचार दुप्पट करा.

तेलाचं एकच सांगतो: खोबरेल घालू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ते गोठतं आणि गिअर जखडतात. गेल्या थंडीत असं एक इंजिन आलं, ते पूर्ण सोडवून धुवावं लागलं. प्लास्टिकला चालणारं पातळ तेल, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सँडपेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत काळं पुन्हा लवकर साचतं.

इंजिन बघायला येताना तुमच्या यार्डातला, इंजिन हमखास अडवणारा एक सांधा काढून सोबत आणा. आमच्या टेबलावर तो जोडू आणि त्यावरूनच इंजिन चालवून दाखवू. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस गर्दी असते आणि प्रत्येकाला तासभर देणं जमत नाही, म्हणून शक्यतो दसऱ्याच्या आत या.