बुद्ध सर्किटची शर्यत तीन वर्षांत का थांबली?

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. ३० ऑक्टोबर २०११, रविवार. औरंगाबादजवळ वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या खोलीत आम्ही सात जण छोट्या टीव्हीला चिकटून बसलो होतो. सगळे सुट्या भागांच्या कारखान्यांत कामाला, कुणी सीएनसीवर, कुणी प्रेस शॉपला. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी पोरं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती. आधी एक मिनिट स्तब्धता पाळली गेली, कारण त्याच महिन्यात कार रेसर डॅन व्हेल्डन आणि मोटरसायकल रेसर मार्को सिमॉन्चेली शर्यतीतच गेले होते. मग चोवीस गाड्या सुटल्या आणि खोलीत कुणी बोलेना. सेबास्टियन व्हेटेल जिंकला, चौकड्यांचा झेंडा सचिननं हलवला, नारायण कार्तिकेयन सतरावा आला.

२०१२ आणि २०१३ लाही व्हेटेलच जिंकला, आणि तिथंच सगळं थांबलं. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या ५.१२५ किलोमीटरच्या त्या ट्रॅकमध्ये खोट नव्हती. पहिल्या सरावात कुत्रं आत शिरलं त्याचीच चर्चा फार झाली, पण दुखणं दुसरीकडे होतं.

शर्यत आणायचे प्रयत्न जुने. हैदराबादेसाठी चंद्राबाबू नायडूंनी खटपट केली होती. २००७ मध्ये सुरेश कलमाडी अध्यक्ष असताना भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं फॉर्म्युला वनचे प्रमुख बर्नी एक्लस्टन यांच्याशी प्राथमिक करार केला. बांधकाम व्यवसायातल्या जेपी समूहानं सर्किट बांधायला घेतलं आणि २०१० ची शर्यत २०११ वर गेली. मध्येच २००९ मध्ये क्रीडा मंत्रालयानं फॉर्म्युला वन हा खेळ नसून करमणूक असल्याची भूमिका घेतली. या एका शब्दानं पुढची सगळी गणितं फिरली. सीमाशुल्काची सवलत नाकारली गेली. उत्तर प्रदेश सरकारनं करमणूक कर माफ केला, तर त्याविरुद्ध याचिका झाली आणि शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयानं तिकीट उत्पन्नाचे २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले.

आयकराचा वाद तर शर्यत संपल्यावरही चालू राहिला. यजमानपदाच्या हक्कासाठी जेपी वर्षाला ४ कोटी डॉलर मोजत होती. फॉर्म्युला वन कंपनीचं म्हणणं, आमचं भारतात कायमस्वरूपी ठिकाणच नाही, मग कर कसला? २४ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. शर्यतीच्या दिवसांत सर्किट फॉर्म्युला वन कंपनीच्याच ताब्यात असतं, म्हणून तिथली कमाई करपात्र, असा निकाल आला. मला तो रास्त वाटतो. पण तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

कराइतकीच जुनी गोष्ट जमिनीची. त्या पट्ट्यात भूसंपादनावरून शेतकरी पेटलेले होते. मे २०११ मध्ये भट्टा-पारसौलला पोलीस आणि गावकरी भिडले, दोन्हीकडची माणसं गेली. शर्यतीच्या आधीही शेतकऱ्यांनी आंदोलनाचा इशारा दिला होता. शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा पारावर मावेजाशिवाय दुसरा विषय नसायचा, त्यामुळे नोएडाकडच्या शेतकऱ्याचं म्हणणं इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याचं शेत त्या वळणांखाली गेलं, त्याला शर्यतीचं तिकीट परवडणारं नव्हतं.

आपल्या शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, तर बैलजोडीवाल्यांनी मोर्चे काढले, कायदा बदलून घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालाचा मुद्दा खरा होता, अटी हव्याच होत्या. पण पटासाठी गावं रस्त्यावर उतरली. फॉर्म्युला वन गेली तेव्हा सर्किटभोवतालच्या एकाही गावाला ती आपली वाटली नव्हती.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच ट्रॅकवर मोटरसायकलींची मोटोजीपी आली, मार्को बेझेक्की जिंकला. तेव्हाही प्रक्षेपणात जम्मू-काश्मीर आणि लडाख वगळलेला नकाशा दिसला आणि आयोजकांना माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी ती शर्यत झाली नाही. त्याआधीच, २०२० मध्ये, यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणानं जेपीला दिलेल्या, सर्किटसह हजार हेक्टर जमिनीचं वाटप थकबाकीपोटी रद्द केलं होतं. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.